भिंतीवरचा बोर्ड

छतावर १० किलोवॅटपर्यंतचं सोलर बसवायचं तर २०२४पासून व्यवहार्यतेची वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही. मंजूर लोड कमी असला तर वीज कंपनीच तो वाढवून देते. म्हणजे कागदावर. भिंतीवरचा बोर्ड होता तिथेच, होता तसाच राहतो.

सांगलीच्या एका मित्राकडे पाच किलोवॅटचं सोलर बसलं आणि ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद पडू लागला. सकाळी नऊला छान चालायचा, बाराच्या उन्हात गप्प. शेवटी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने इन्व्हर्टरला हातही लावला नाही. सरळ डीबीचं, म्हणजे भिंतीवरच्या बोर्डाचं, झाकण काढलं.

आत बसबारच्या पट्टीऐवजी चार स्क्वेअर मिमीच्या वायरचे लूप, एका एमसीबीतून दुसऱ्यात. मेन ३२ अँपिअरचा. सोलरची वायर मधल्याच एका २५च्या एमसीबीला जोडलेली. तिथला स्क्रू अर्धा फेरा सहज फिरला. वायर बाहेर ओढून त्याने नाकाशी नेली. इन्सुलेशन तपकिरी झालं होतं.

"काका, मेनमधून बत्तीस, सोलरमधून बावीस. घरातलं सगळं एकदम लावा. या लूपवर चोपन्नपर्यंत येऊ शकतात आणि एकही एमसीबी पडणार नाही."

खरी मेख इथेच आहे. मेन एमसीबीला फक्त आपल्यातून जाणारा करंट कळतो. दुसऱ्या दाराने किती आत आला, याचा त्याला पत्ता नसतो. दणकट बसबार असता तर सोलर मेनच्या विरुद्ध टोकाला जोडून भागलं असतं. लूपच्या डीबीत तो भरवसा नाही.

दुपारी बंद पडण्याचं कारण वायरमनच्या मीटरने दाखवलं. घरात लोड नसताना सगळी वीज उलटी रस्त्याकडे निघते, आणि तिला ढकलायला इन्व्हर्टरला व्होल्टेज चढवावं लागतं. वायर बारीक आणि लांब असेल तितकं जास्त. मीटरपाशी २४६, इन्व्हर्टरपाशी २५४. २३०च्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ ओलांडले की इन्व्हर्टरने लाइनपासून सुटायचं, असा नियमच आहे. बिचारा नियम पाळत होता.

वायरमनने डीबीतून सोलर काढूनच टाकलं. मीटरच्या शेजारी, घराच्या मेनच्या अलीकडे, वेगळी पेटी बसवली: सोलरसाठी ३२चा डबल पोल एमसीबी, आणि तिथून थेट जिन्याने वर दहा स्क्वेअरची तांब्याची केबल. प्रत्येक टोकाला लग क्रिंप करून तो ती ओढून बघत होता. हलली तर कापून पुन्हा. अर्धा दिवस याच कामात गेला, आणि माझ्या मते पैसे याच कामाचे द्यावेत. सोलरवाल्याच्या कोटेशनमध्ये पॅनलचा ब्रँड ठळक अक्षरांत होता. घरच्या बोर्डाचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी इन्व्हर्टरवर २४९ दिसले. रस्त्यावरचेच २४७ होते. तेवढ्यासाठी मित्राने वीज कंपनीकडे अर्ज टाकलाय.