खाडीत सापडलेला मृतदेह कुणाच्या हद्दीत? वसईत क्राइम मालिका शूट करताना

विद्यार्थ्यांनी टीव्हीसाठी क्राइम मालिकेचा एक भाग करायचा तर सुरुवात कुठून करायची, असा आजचा विषय आहे. बहुतेक जण सुरुवात खुनापासून करतात. रात्र, पाऊस, चाकू, किंकाळी. माझं म्हणणं उलट आहे. सुरुवात तारखेपासून आणि हद्दीपासून करा. का, ते आपल्याच गावातलं उदाहरण घेऊन बघू.

नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाणजू बेट आहे. लोकलने जाताना दोन पूल लागतात, त्यांच्या मधलं ते. समजा, तिथल्या चिखलात एक मृतदेह सापडला. पहिला प्रश्न ‘कुणी मारलं’ हा नसतोच. पहिला प्रश्न ‘ही हद्द कुणाची’ हा असतो. पुलावरून पडला असेल तर लोहमार्ग पोलीस येणार. भरतीने वाहून आला असेल तर मूळ जागा कदाचित खाडीपलीकडची. आता गंमत बघा. तुमची गोष्ट २०१८ मध्ये घडत असेल, तर खाडीच्या अलीकडे पालघर जिल्ह्याचे पोलीस आणि पलीकडे ठाणे ग्रामीण. दोन जिल्हे, दोन अधीक्षक, आणि मध्ये एक प्रेत. तीच गोष्ट २०२३ मध्ये नेली तर दोन्ही काठ मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतात. हे आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालं. म्हणजे २०२३ च्या वसईत तुमचा हवालदार ‘एसपी साहेबांना कळवा’ म्हणाला, की इथला प्रेक्षक तिथेच हसणार.

कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या दिवसापासून झालेल्या खुनाला कलम १०३ लागतं. त्याआधी झालेल्या खुनाला जुनं ३०२च, मग प्रेत नंतर का सापडेना. जुना खून, नवी अटक असं कथानक असेल तर ही एक ओळ संवादात आली पाहिजे. आणि प्रेत सापडलं की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतो असंही नाही. बरेचदा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. त्या मधल्या दिवसांत सगळे ‘बुडाला असेल’ म्हणतात आणि एकच माणूस म्हणतो, ‘नाही.’ तुमचं नाट्य तिथे आहे, आणि त्याला एक टेबल आणि तीन नट पुरतात.

शेवटाबद्दल बोलतो, कारण जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये एकच शेवट येतो. अंधारी खोली, एक कानशिलात, आणि आरोपी घडाघडा बोलतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळातल्या पुरावा कायद्यातही हेच होतं, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग चालतो. म्हणून निवेदन पंचनामा होतो. दोन पंच बरोबर घेऊन पोलीस आरोपीच्या मागे मागे जातात, तो वाडीतल्या विहिरीकडे बोट दाखवतो, गळ टाकला जातो. पंच म्हणून आणलेला केळीवाला दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. हा प्रसंग लिहा. थप्पड कुणालाही लिहिता येते.

मराठी टीव्हीवर हे आधी झालंय. मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस-तपासाची मालिका होती, शिवाजी साटम तिच्यात होते. पुढे त्याच जोडीची ‘सीआयडी’ १९९८ ला सुरू झाली. २००४ मध्ये तिचा एक भाग १११ मिनिटांच्या सलग एका शॉटमध्ये चित्रित झाला. कॅमेरा एकदाही बंद न करता! तुम्ही हे करू नका. पण एक विचार करा: असा शॉट तालमीवर उभा राहतो, आणि तालमीला भाडं लागत नाही.

आता आपला हिशोब. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटं मिळतात, म्हणजे ढोबळमानाने बावीस पानं. नवख्या टीमने दिवसाला चार-पाच पानं धरावीत. पाच दिवस. लोकेशन तीन, फार तर चार. किल्ला सगळ्यांनाच हवा असतो, २०१६ ला कोल्डप्लेच्या व्हिडिओतही तो दिसला. पण तो पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला आहे, चित्रीकरणाला परवानगी लागते. रेल्वेच्या हद्दीतही तेच. त्यापेक्षा कॉलेजचं ऑफिस, एक लोखंडी कपाट, भिंतीवर तालुक्याचा नकाशा आणि बाहेरून वायरलेसची खरखर. पोलीस ठाणं तयार.

खाडीचा सीन मात्र खरा करा, आणि त्याचं वेळापत्रक चंद्राला विचारून ठरवा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. सोमवारी सकाळी आठला चिखल दिसत होता, म्हणून उरलेले शॉट्स शुक्रवारी आठला ठेवलेत, तर एव्हाना भरतीची वेळ तीन तासांहून जास्त सरकलेली असणार. प्रेत एका शॉटमध्ये चिखलात, दुसऱ्यात पाण्यात. एक तर एकाच सकाळी उरका, नाहीतर पंधरवडा थांबा. आणि प्रेत झालेल्या पोराला तासभर चिखलात पडून राहायचंय, पाणी चढायला लागलं की त्याला आधी बाहेर काढायचं. एक माणूस फक्त पाण्यावर लक्ष ठेवायला. शॉट गेला तरी चालेल.

स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. खाकीतला नट चहाला टपरीवर जाणार नाही, वरून शर्ट घालेल. खोटं पिस्तूल पिशवीत. फसवण्याच्या हेतूने गणवेश घालणं हा गुन्हा आहे. तुमचा तो हेतू नसतो, हे मान्य. पण टपरीवरच्या माणसाला ते कसं कळणार?

आणखी एक, जरा अवघड. २०२२ मध्ये वसईच्या एका मुलीची दिल्लीत हत्या झाली, तेव्हा इथल्या गल्ल्यांमध्ये कॅमेरे येऊन बसले होते. अशा बातमीवरून ‘प्रेरित’ स्क्रिप्ट दरवर्षी कुणीतरी घेऊन येतं. तिचे नातेवाईक, मैत्रिणी, शेजारी याच गावात राहतात. नाव बदलून भागत नाही. फ्रीज, बॅग, गल्ली सगळं ओळखू येतं. माझं स्पष्ट मत आहे, की असा विषय करू नये. हद्दीच्या वादातून, जमिनीच्या कागदांतून, टँकरच्या पाण्यातून गोष्टी निघतात, त्या बघा.

शेवटी आवाज. आपल्याकडे लोकलचा भोंगा कुठल्याही संवादात घुसतो. प्रत्येक जागी, सगळ्यांना गप्प करून, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात ठिगळं जोडायला तीच लागते. आणि त्याच रात्री, घरी जाण्याआधी, कार्ड दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करून दोन वेगळ्या घरी पाठवा.