मुंबई विमानतळावर सात तास मोकळे? धंद्यासाठी असे वापरा



नागपूरहून गोव्याला किंवा छत्रपती संभाजीनगरहून बंगळुरूला जाताना स्वस्त तिकीट शोधलं की बऱ्याचदा मुंबईत सहा-सात तासांचा थांबा मिळतो. बहुतेक जण हा वेळ खुर्चीत झोपून आणि महागडा चहा पिऊन घालवतात. पण बघा, हेच काम करायला तुम्ही गावाहून खास मुंबईला आलात, तर गाडीभाडं, लॉज, जेवण आणि दुकान बंद ठेवल्याचं नुकसान, असा चौपट खर्च येतो. इथं तर मुंबईपर्यंतचं भाडं तुम्ही आधीच भरलेलं आहे. प्रश्न फक्त हिशोबाचा आहे. तो चुकला तर पुढचं विमान जाईल आणि वाचवलेले पैसे व्याजासकट निघून जातील.

आधी वेळेचा ताळेबंद

समजा, विमान सकाळी १० वाजता उतरलं आणि पुढचं देशांतर्गत विमान संध्याकाळी ५ ला आहे. एकूण ७ तास. आता वजाबाकी करू:

- बाहेर पडायला, बॅग घ्यायला: ४५ मिनिटं
- पुढच्या विमानाच्या आधी टर्मिनलवर परत: २ तास
- जाण्यायेण्याचा प्रवास: २ तास
- अडीअडचणीसाठी राखीव: ३० मिनिटं

हातात उरले पावणेदोन तास. म्हणजे सात तासांच्या थांब्यात एकच काम होतं. दोन कामं धरली की दोन्ही अर्धवट राहतात. पुढचं विमान परदेशी असेल तर २ तासांऐवजी ३ तास धरा. आणि थांबा चार तासांचा असेल तर बाहेर पडूच नका. आत बसून कोटेशन लिहा, जुन्या ग्राहकांना फोन करा.

तिकीट नीट वाचा

तीन गोष्टी बघा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का? वेगवेगळी तिकिटं असतील तर बॅग स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. दुसरं, टर्मिनल कोणतं? टी-१ सांताक्रूझ बाजूला आणि टी-२ सहारला. दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. तिसरं, विमानतळ कोणता? डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडतात. उतरलात सहारला आणि पुढचं विमान नवी मुंबईहून असेल, तर बाजाराचा विचार सोडा आणि सरळ तिकडे निघा.

आता जायचं कुठे?

१. क्रॉफर्ड मार्केट परिसर. माल पाहायचा असेल तर हाच पर्याय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली आणि हे काम सोपं झालं. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आणि टी-१, टी-२ दोन्हींना स्वतःचं स्टेशन. टी-२ वरून सीएसएमटी स्टेशन साधारण पाऊण तास, मग थोडं चालायचं. पॅकिंगचं सामान आणि स्टेशनरीसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट, इलेक्ट्रिकच्या वस्तूंसाठी लोहार चाळ, कापडासाठी मंगलदास मार्केट. दुकानं सकाळी दहा-अकराशिवाय नीट उघडत नाहीत, रविवारी बहुतेक बंद.

तिथं जाऊन फिरत बसू नका. एकच वस्तू, तीन दुकानं, तेच चार प्रश्न: कमीत कमी किती नग घ्यावे लागतील? जीएसटी बिलासह भाव काय? आमच्या गावाला कोणत्या ट्रान्स्पोर्टने पाठवता? माल खराब निघाला तर बदलून देता का? उत्तरं लगेच लिहा, कार्डाचा फोटो काढा. पहिल्याच फेरीत ॲडव्हान्स देऊ नका.

२. साकीनाका. सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारचं एमएसएमई विकास कार्यालय इथं कुर्ला-अंधेरी रोडवर आहे, टी-२ पासून अगदी जवळ. शनिवार-रविवार बंद. जाण्याआधी फोन करून तुमच्या विषयाचा अधिकारी जागेवर आहे का ते विचारा. मात्र पीएमईजीपी कर्जाच्या अर्जासाठी मुंबईत रांग लावायची गरज नाही. तो ऑनलाइन भरतात आणि त्यासाठी तुमच्याच जिल्ह्यातलं जिल्हा उद्योग केंद्र आहे.

३. आमचं माहुल. तुम्ही म्हणाल, माहुलला काय बाजार आहे? बाजार नाही, पण मोठे खरेदीदार आहेत. बीपीसीएल आणि एचपीसीएल या दोन सरकारी तेल कंपन्यांच्या रिफायनऱ्या इथं आहेत. सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के माल-सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावी असं धोरण आहे. त्यातले ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी. नाशिकचा फॅब्रिकेशनवाला असो की युनिफॉर्म शिवणारी ताई, हा आकडा तुमच्या कामाचा आहे.

पण ऐका, गेटवर जाऊन उभं राहिलं तर सिक्युरिटी आत सोडणार नाही. आधी उद्यम नोंदणी (ती मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका), मग जेम पोर्टलवर नोंदणी, मग टेंडर वाचन, आणि वेळ ठरली असेल तरच भेट. नकाशात टी-२ पासून माहुल बारा-पंधरा किलोमीटर दिसतं, पण कुर्ला-चेंबूरचं ट्रॅफिक आणि माहुल रोडवरचे टँकर यात एका बाजूला तासाभराहून जास्त जाऊ शकतो. जूनपासून पावसाळ्यात आणखी वेळ धरा. आठ तासांपेक्षा कमी थांबा असेल तर ही भेट फोनवरच करा.

सॅम्पल घेताना सांभाळा

देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं चेक-इन बॅगेतही चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. कात्री, सुऱ्या, हत्यारं चेक-इन बॅगेतच. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या बॅगेत. तुमची चेक-इन बॅग थेट पुढच्या गावी गेली असेल, तर सॅम्पल छोटं घ्या किंवा दुकानदारालाच कुरिअर करायला सांगा.

थोडक्यात

परतीची वेळ मोबाइलच्या अलार्ममध्ये लावा. अलार्म वाजला की भाव कितीही रंगात आलेला असो, उठायचं. दुकानदाराचा नंबर तुमच्याकडे आहे, राहिलेला भाव फोनवर करता येतो. सुटलेलं विमान फोनवर परत येत नाही.

आजचा गृहपाठ: पुढच्या प्रवासाचं तिकीट समोर घ्या आणि वरची वजाबाकी स्वतःच्या वेळेवर करून बघा. उत्तर दीड तासापेक्षा जास्त आलं, तर आत्ताच एका कागदावर लिहा: कोणतं एक काम, कोणती तीन दुकानं, कोणते चार प्रश्न. कागद तयार असेल तरच टर्मिनलच्या बाहेर पाऊल टाका.