संगणकाच्या पंख्याचा आवाज कमी व्हावा, थंडावा नव्हे!

मंगळवेढा : ज्वारीचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात मालदांडीची मळणी आटोपते न आटोपते तोच उन्हाळा सुरू होतो. शिवारातील धूळ आणि वाढता पारा एकत्र येण्याचा हा काळ संगणकांसाठीही कसोटीचा असतो. प्रशिक्षण केंद्र असो, दुकान असो वा विद्यार्थ्याची अभ्यासाची खोली, हिवाळ्यात जेमतेम जाणवणारी कॅबिनेटमधील घरघर या दिवसांत डोके उठवू लागते. अशा वेळी पंख्याची वायरच काढून टाकण्याचा मोह होतो. मात्र त्याने आवाज थांबला तरी उष्णता आतच कोंडते. प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो, तर हार्ड डिस्क आणि मदरबोर्डवरील कपॅसिटर निमूटपणे तापत राहतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधील ठोकताळा आहे. म्हणूनच पंखा बंद न करता त्याच्या वेगाला शिस्त लावणे, हा यावरील खरा उपाय ठरतो.

आवाज नेमका कशाचा?

पंख्याचा आवाज तीन प्रकारचा असतो. 'सूं' असा सलग आवाज वेगाने फिरणाऱ्या पात्यांतून जाणाऱ्या हवेचा असतो. वेग कमी करताच तो उतरतो. 'खरखर' किंवा 'करकर' आवाज बेअरिंग झिजल्याचे लक्षण होय. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधील वंगण उष्णतेने लवकर सुकते. अशा पंख्याचा वेग कमी करण्यापेक्षा तो बदलणेच योग्य. कॅबिनेटच्या पत्र्यावर हात दाबून धरताच आवाज थांबत असेल, तर दोष कंपनाचा समजावा. सैल स्क्रू आवळणे किंवा पंख्याखाली रबरी वायसर बसविणे एवढ्यावर काम भागते.

वेग निम्मा, आवाज कितीतरी कमी

पंख्याचा वेग निम्मा केला तर हवेचा प्रवाहही साधारण निम्माच होतो. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने घटतो. आवाज १० डेसिबलने कमी झाला, तरी कानाला तो जवळपास निम्मा वाटतो. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. त्या तुलनेत १५ डेसिबलचा फरक किती मोठा, हे ध्यानात यावे. याच कारणाने ८० मिलिमीटरचा एक पंखा जोरात फिरविण्यापेक्षा १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरविणे फायद्याचे ठरते. सारख्याच आवाजाचे दोन पंखे लावल्यास आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एका वेगवान पंख्यापेक्षा दोन संथ पंखे बरे.

तीन तारा की चार?

वेग कसा कमी करायचा, हे पंख्याच्या तारांवर अवलंबून असते. दोन तारांचा पंखा थेट १२ व्होल्टवर पूर्ण वेगाने फिरतो. तीन तारांच्या पंख्याची तिसरी तार त्याचा वेग मदरबोर्डला कळविते. अशा पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करून घटविला जातो. व्होल्टेज फारच उतरविल्यास काही पंखे सुरूच होत नाहीत, याचे भान ठेवावे. चार तारांच्या पंख्यात चौथ्या तारेतून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत जातो. या पद्धतीस पीडब्ल्यूएम म्हणतात.

संगणक सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ टू' कळ दाबून बायॉसमध्ये गेल्यास बहुतेक मदरबोर्डवर पंख्यांचा स्वतंत्र विभाग आढळतो. तीन तारांच्या पंख्यासाठी 'डीसी', तर चार तारांच्या पंख्यासाठी 'पीडब्ल्यूएम' हा पर्याय निवडावा. तीन तारांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम निवडल्यास तो सतत पूर्ण वेगाने फिरत राहतो. अनेकदा तक्रारीचे मूळ एवढेच असते.

परीक्षा मे महिन्यात

त्यानंतर कोणत्या तापमानाला किती वेग, हे ठरवावे. उदाहरणार्थ, ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ६५ अंशांना ६५ टक्के आणि ८० अंशांना पूर्ण वेग. प्रोसेसरचे तापमान क्षणाक्षणाला वरखाली होते. त्यामुळे कॅबिनेटचे पंखे शक्यतो मदरबोर्डच्या तापमानाशी जोडावेत आणि त्यासाठीचे आकडे त्या मानाने कमी ठेवावेत. वेग बदलण्यास काही सेकंदांचा विलंब ठेवल्यास पंख्याची सततची चढउतारही थांबते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. पंखा खोलीतीलच हवा आत घेतो; तो हवा गार करीत नाही. खोलीत २५ अंश असताना ६० अंशांवर चालणारा प्रोसेसर, खोली ४० अंशांवर गेली की तेवढ्याच कामासाठी ७५ अंशांपर्यंत पोहोचतो. डिसेंबरात शांत वाटलेली रचना मे महिन्यातील दुपारी तपासूनच कायम करावी.

आधी सफाई, मग सेटिंग

या साऱ्याआधी सफाई आवश्यक आहे. संगणक बंद करून प्लग काढावा आणि कॅबिनेट उघड्यावर नेऊन मऊ ब्रश किंवा ब्लोअरने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. अन्यथा ती अतिवेगाने फिरून बेअरिंग बिघडू शकते. प्रोसेसरवरील हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा थर बसला असेल, तर कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात घातक भार शिल्लक राहू शकतो.

पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर फेकणारा असावा. पुढे बारीक जाळी लावून ती वरचेवर धुवावी. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला, तर गरम हवेला वाट मिळते. या उपायांना फारसा खर्च येत नाही, आणि अनेकदा नवा पंखा विकत घेण्याचीही गरज उरत नाही.