लाल विटांचे घर

आपल्याकडे नवे घर बांधणारा गृहस्थ विटांचे काम पुरे होताच पहिली घाई करतो ती गिलाव्याची. विटा उघड्या राहिल्या की शेजारीपाजारी कुजबुजणार, ‘बिचाऱ्याचे पैसे संपलेले दिसतात!’ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडातही प्रतिष्ठितांची समजूत फारशी निराळी नव्हती. विटांवर गुळगुळीत गिलावा चढवावा, तो दगडासारखा दिसावा, म्हणजे घर खानदानी ठरले! अशा काळात, १८५९ साली, लंडनहून दहाएक मैलांवर केंट परगण्यातल्या बेक्सलीहीथ येथे एका पंचविशीतल्या तरुणाने नखशिखान्त लाल विटांचे घर बांधायला घेतले. नावही साधेच ठेवले : ‘रेड हाउस’.

तरुणाचे नाव विल्यम मॉरिस. वडिलांनी तांब्याच्या खाणीचे शेअर्स मागे ठेवलेले, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. त्याच वर्षी त्याने जेन बर्डन या ऑक्सफर्डच्या तबेल्यातील नोकराच्या मुलीशी लग्न केले होते. घराचा आराखडा केला त्याच्या मित्राने, फिलिप वेबने. वेब अठ्ठावीस वर्षांचा, आणि स्वतंत्रपणे हाती घेतलेले हे त्याचे पहिलेच काम!

घराचा आकार काटकोनी. दोन पाखांच्या कुशीत अंगण आणि अंगणात विहीर. विहिरीवर कौलांचे निमुळते टोपडे आहे, ते पाहिले की परीकथेतले चित्र आठवावे. पण वेबची खरी करामत खिडक्यांत आहे. बाहेरून रांगेत शोभून दिसाव्यात म्हणून त्याने खिडक्या पाडल्या नाहीत. आत ज्या खोलीला जसा उजेड हवा, तशी तिथे खिडकी. कुठे उंच, कुठे रुंद, तर वरच्या बोळात चक्क गोल! घर आतून बाहेर बांधत जावे, हा विचार आज सोपा वाटतो, तेव्हा नव्हता. फळझाडे शक्यतो न तोडता सफरचंदांच्या बागेतच त्याने भिंती उभ्या केल्या.

चूक मात्र एक झालीच. मुख्य खोल्यांची तोंडे उत्तरेकडे! इंग्लंडातल्या थंडीत अशा दिवाणखान्यात बसणे म्हणजे काय, याची कल्पना गृहिणींनीच करावी.

घर उभे राहिले, पण त्यात शोभेल असे सामान बाजारात मिळेना. मग मित्रमंडळी कामाला लागली. बर्न-जोन्सने भिंतींवर चित्रे काढली, जेनने पडद्यांवर भरतकाम केले. या हौसेतूनच १८६१ मध्ये सात भागीदारांची कंपनी निघाली आणि मॉरिसची वेलबुट्टी पुढे घरोघर पोहोचली. बागेतल्या गुलाबांच्या मांडवावरून त्याने भिंतीच्या कागदाचा नमुना काढला. त्यातले पक्षी मात्र वेबच्या हातचे.

बर्न-जोन्स कुटुंबानेही तिथेच राहायला यावे, असा बेत ठरला. घराला आणखी एक पाखे जोडून अंगण चौफेर करायचे होते. (बर्न-जोन्सची पत्नी जॉर्जियाना ही मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला आलेल्या लॉकवुड किपलिंगची मेहुणी, म्हणजे रुड्यार्डची मावशी.) पण १८६४ साली जॉर्जियानाला लाल तापाने गाठले, तिचे नवजात मूल दगावले, आणि बर्न-जोन्सने बेत मोडल्याचे कळवले. इकडे मॉरिस स्वतः संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला. खाणीचे उत्पन्नही घटत चालले होते, आणि लंडनची रोजची ये-जा झेपेना. १८६५ मध्ये तो बायको आणि दोन लहान मुलींसह लंडनला परतला, घर विकून टाकले. त्यानंतर तो त्या घराकडे फिरकला नाही. त्याला ते सोसले नसते, असे म्हणतात.

पुढे मालक बदलत गेले. १९५२ साली वास्तुविशारद टेड हॉलम्बी तिथे राहायला आले आणि १९९९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी घराची निगा राखली. २००३ मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आले. त्यानंतर दहा वर्षांनी मॉरिसच्या शयनगृहात कपाटामागच्या भिंतीवरचे थर सोलले, तेव्हा आतून चित्रे निघाली : आदम आणि ईव्ह, नोहा, शिडीसह याकोब. कापडी पडदा टांगल्याचा भास व्हावा अशी ती रंगवलेली आहेत. कोणती आकृती कुणाच्या हातची, यावर जाणकारांचे तर्क चालू झाले.