टायर आणि मत्स्याश्रय

मोटारीचा झिजलेला टायर ही मोठी अडचणीची वस्तु आहे. तो कुजत नाहीं. जाळला तर विषारी काळा धूर ओकतो, आणि उघड्यावर टाकला तर त्यांत पावसाचें पाणी सांचून डांसांची पैदास होते. असा टायर पाण्यांत बुडविला कीं तो नजरेआड होतो आणि माशांना घरहि मिळतें, ही कल्पना म्हणूनच अनेकांना मोहक वाटत आली आहे. तिची खरी परीक्षा अमेरिकेंत झाली.

फ्लॉरिडा राज्यांतील फोर्ट लॉडरडेल शहरासमोर, किनाऱ्यापासून सुमारें २ किलोमीटर अंतरावर, १९७२ सालीं टायर बुडविण्यास आरंभ झाला. हेतु चांगला होता. नुसत्या वाळूच्या तळाशीं माशांना आडोसा नसतो. तेथें एखादी टणक वस्तु ठेवली कीं तिच्यावर शेवाळ धरतें, शेवाळावर बारीक जीव येतात, त्यांच्यामागें लहान मासे व लहानांमागें मोठे. या आशेनें सुमारें ३६ एकर क्षेत्रांत अदमासें २० लक्ष टायर टाकण्यांत आले.

परंतु टायरांच्या मोळ्यांचे पोलादी चाप खाऱ्या पाण्यानें गंजले, नायलॉनचे बंद तुटले, आणि टायर सुटे झाले. रबर पाण्याहून थोडेंच जड. त्यामुळें बुडालेल्या टायरास प्रत्येक मोठी लाट हलविते, आणि स्थिर आधारावांचून प्रवाळ मूळ धरीत नाहीं. वादळांत हे टायर किनाऱ्यांवर येऊन पडले. कित्येक टायर जवळच्या नैसर्गिक प्रवाळखडकांवर आदळून जिवंत प्रवाळांचा नाश करूं लागले. ज्यांना आश्रय द्यावयाचा, त्यांचेंच घर मोडलें! २००७ ते २००९ या काळांत सैन्यांतील पाणबुड्यांनीं ७०,००० हून अधिक टायर वर काढले. एकंदर राशीच्या मानानें हा आंकडा अल्पच होय.

तळ्यांत अशा लाटा नसतात, मग तेथें काय हरकत आहे, असें कोणी विचारील. टायर तेथें वाहून जाणार नाहीं, हें खरें. परंतु टायर म्हणजे नुसता झाडाचा चीक नव्हे. त्यांत गंधक, जस्ताचें संयुग व रबर टिकविणारीं इतर रसायनें असतात. त्यांपैकीं एका रसायनाचा ओझोनशीं संयोग होऊन जें विष बनतें, तें रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरून कोहो जातीच्या सामन माशांचे प्राण घेतें, असें अमेरिकन संशोधकांनीं २०२० सालीं दाखवून दिलें. प्रत्येक जातीचा मासा त्यानें मरतो असें नाहीं. तथापि समुद्रांत विरून जाणारें द्रव्य लहानशा बंदिस्त तळ्यांत सांठून राहूं शकतें, हें विसरून चालणार नाहीं.

तळ्यांतील माशांना आडोसा द्यावयाचा तर दगडांची रास, झाडांच्या फांद्या किंवा बांबूचे खुंट हे जुने उपाय पुरेसे आहेत. बांबूवर धरलेलें शेवाळ रोहूसारखे मासे खातात. फांद्यांत पिलें लपतात, आणि चोरून टाकलेलें जाळेंहि त्यांत अडकतें. मात्र हिरवा पाला फार घालूं नये, कारण तो कुजतांना पाण्यांतील प्राणवायु कमी होतो.

अशा प्रत्येक योजनेपुढें एकच प्रश्न ठेवावा. अंगणांत भंगार पडलेलें नसतें, तर माशांसाठीं ही वस्तु कोणी मुद्दाम विकत आणली असती काय? दगड व बांबू आणले असते. टायर कोणींहि आणला नसता.