उरलेल्या बलकाचा जमाखर्च

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावरून धावणाऱ्या तरुणांची संख्या जशी वाढते, तसा त्यांच्या घरचा अंड्यांचा खपही वाढतो. आणि व्यायामशाळेतल्या एखाद्या जाणत्या मित्राने 'पांढरे तेवढे खा, पिवळे टाकून दे' असे फर्मान एकदा काढले, की उकडलेल्या अंड्यांतले पिवळे गोळे कधी ताटाच्या कडेला, कधी दारातल्या कुत्र्यापुढे, तर पुष्कळदा सरळ उकिरड्यावर जाऊन पडतात. ज्या घरात तेलाच्या पळीचाही हिशेब चुकत नाही, त्याच घरात रोख दाम मोजून आणलेल्या जिनसेचा तिसरा हिस्सा कोणाचीही हरकत न येता बुडीत खात्यात जमा व्हावा, हे काही केल्या मनास पटत नाही.

या फर्मानामागची समजूतही अर्धीच खरी आहे. सुमारे 50 ग्रॅम वजनाच्या अंड्यात जे 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिन असते, त्यातले अडीच ग्रॅमहून अधिक बलकातच असते. अ, ड आणि ब-12 ही जीवनसत्त्वेही बलकाच्याच पदरी असतात, म्हणजे प्रथिनासाठी अंडे विकत घेऊन बलक फेकणारा गडी प्रथिनच फेकत असतो. राहता राहिला कोलेस्टेरॉलचा आरोप. 1968 मध्ये अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने आठवड्याला तीनच बलकांची मर्यादा घालून दिली आणि ती जगभर शिरसावंद्य झाली. पुढे अन्नातल्या कोलेस्टेरॉलसाठी असलेली रोज 300 मिलिग्रॅमची मर्यादा तिथल्याच सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून 2015 नंतर गळली, ती बातमी मात्र आपल्याकडच्या व्यायामशाळांपर्यंत बहुधा पोहोचायची आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्याने आपल्या डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा, हे ओघानेच आले.

बलक उरतो तो त्याच्या अंगच्या दोषामुळे नव्हे, तर कोणाला तरी पांढऱ्याची गरज पडते म्हणून. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रे ज्या कागदावर उमटवीत, त्याला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला असे. राजा दीनदयाळ यांनी टिपलेली संस्थानिकांची आणि राजवाड्यांची जी चित्रे आज आपण संग्रहालयात डोळे भरून पाहतो, तीही याच जातीची. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी या कागदाचे मोठे कारखाने होते, आणि तिथे शिल्लक राहणारे बलकांचे ढीग कातडे कमावणारे नि भट्टीवाले विकत नेत. छोट्या छायाचित्रकाराला ही सोय कोठून असणार? तेव्हा 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी' या धंद्याच्या नियतकालिकाने 1861 मध्ये उरल्या बलकांच्या चीजकेकची कृतीच छापली. रसायनांच्या चर्चेत मिठाईची कृती छापणारा तो संपादक मला फार शहाणा वाटतो.

आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे. जुन्या गोव्यात 1606 साली पायाभरणी होऊन 1627 मध्ये पुरा झालेला सेंट मोनिका मठ आहे. तिथल्या ख्रिस्ती जोगिणी आपल्या वस्त्रांना खळ देण्यासाठी अंड्याचे पांढरे वापरीत आणि मागे राहिलेल्या बलकांतून बेबियाना नावाच्या जोगिणीने बेबिंका ही थरांची मिठाई सिद्ध केली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, पोर्तुगालच्या मठांतूनही बलक आणि साखर यांच्या मिठायांची मोठी परंपरा होती, आणि तिची गोव्यातल्या नारळाशी सोयरीक जमली, यात संशय नाही. बलक, नारळाचे दूध, साखर, थोडा मैदा आणि जायफळ यांचे सरसरीत मिश्रण तुपावर पसरायचे, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, पहिला थर तांबूस झाला की पुन्हा तूप नि पुन्हा मिश्रण. असे सात किंवा त्याहून अधिक थर चढेपर्यंत अख्खी दुपार निघून जाते. 2023 मध्ये या पदार्थाला भौगोलिक मानांकन मिळाले.

पारशिवनीत बेबिंकेचा हा सरंजाम कोणी मांडणार नाही, मांडण्याची गरजही नाही. उकडलेला बलक हाताने कुस्करला तर तो झुणक्यासारखा मोकळा होतो. कांदा, लसूण आणि तिखटाच्या फोडणीत तो परतून वर चिरलेला हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातला, की ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरे कालवण लागत नाही. सावजी रश्शाच्या वाटणात, खसखस-खोबऱ्याच्या जोडीला, दोन बलक वाटून घातले तर रस्सा दाट होतो, आणि तर्रीचा दिमाख तसूभरही उणा होत नाही. अंडे फार वेळ उकळले तर बलकाभोवती हिरवट करडी कडा धरते, ती पांढऱ्यातले गंधक आणि बलकातले लोह यांच्या संयोगाने. दिसायला ती वाईट, खायला निर्धोक.

कच्च्या बलकाचा मामला अधिक नाजूक. तो उकळत्या रश्शात एकदम ओतला तर त्याच्या गुठळ्या होतात. सबब वाटीत बलक फेटून त्यात गरम रस्सा पळी-पळीने मिसळावा, आणि ते सारे मंद आचेवरच्या भांड्यात परत घालून ढवळत राहावे. दुधाच्या खिरीलाही हाच कायदा लागू आहे. बलक केसांना चोपडण्याचाही एक प्रघात आहे. परंतु खाण्याजोगी वस्तू डोक्याला फासण्याची शिफारस माझ्याच्याने होत नाही.

नागपुरी उन्हाळ्यात कच्चा बलक ओट्यावर ठेवणे म्हणजे रोगाला आवतण देणे होय. शीतकपाटात, वर थोडे पाणी घालून झाकून ठेवल्यास तो दोन दिवस टिकतो. त्याहून अधिक दिवस ठेवायचा तर गोठवावा. मात्र नुसता गोठवलेला बलक पुढे कितीही फेटला तरी चिकट गोळाच राहतो, म्हणून आधी त्यात चिमूटभर मीठ किंवा थोडी साखर मिसळण्याची तजवीज करावी, आणि दोहोंपैकी काय घातले ते डब्यावर लिहून ठेवावे, कारण गोठल्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात, आणि गोड झालेला सावजी रस्सा भरतीच्या उमेदवारालादेखील संपवता येणार नाही.