जोडपानावरची फॅशन: रेघ हाताची, रंग संगणकाचा

जानेवारी २०२० मध्ये ‘व्होग इटालिया’ने मुखपृष्ठे आणि फॅशनची पाने छायाचित्रांऐवजी चित्रांनी सजवली. एका जुन्या अंकाच्या छायाचित्रणासाठी दीडशे माणसे आणि वीसेक विमानप्रवास लागले होते, असे संपादकांनी तेव्हा सांगितले. छायाचित्रण टाळून वाचलेला पैसा व्हेनिसमधल्या पुरात नुकसान झालेल्या क्वेरिनी स्टाम्पालिया या संस्थेकडे गेला. चित्रातली फॅशन पुन्हा चर्चेत आली. पण ती मुळात छायाचित्राआधीची.

शंभर वर्षांपूर्वीचे ‘लेअर’

१९१२ साली पॅरिसमध्ये ‘गाझेत द्यू बाँ ताँ’ हे मासिक निघाले. जॉर्ज लपाप, जॉर्ज बार्बिए यांच्या चित्रांची रेघ आधी छापली जाई आणि मग कापलेल्या साच्यांमधून एकेक रंग हाताने भरला जाई. या तंत्राला ‘पोश्वार’ म्हणत. रेघ वेगळी, रंग वेगळा हीच आजच्या डिजिटल कामाचीही रीत आहे. १९३२ मध्ये ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर पहिले रंगीत छायाचित्र आले आणि पुढे चित्रकार मागे पडत गेले. आपल्याकडे मात्र दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांवर रंगवलेल्या स्त्रिया आणि त्यांची वस्त्रे वाचकांनी वर्षानुवर्षे जपली.

आधी पान, मग चित्र

मासिकासाठी असे चित्र करताना आधी माप ठरवावे. पान २१ बाय २८ सेंटिमीटरचे असेल, तर जोडपान ४२ बाय २८ चे होते. त्यावर चारही बाजूंना कटिंगसाठी ३ मिलिमीटर ब्लीड. मधल्या शिवणीत चेहरा, हात किंवा दागिना येऊ द्यायचा नाही. परफेक्ट बाइंडिंगमध्ये तिथला भाग दिसेनासा होतो. मथळा आणि मजकूर कुठे बसणार, हे अंगठ्याएवढ्या कच्च्या आराखड्यांतच ठरवावे. आकृतीची नजर आणि पदराची दिशा मजकुराकडे वळलेली असली, की वाचकाचा डोळा आपोआप तिकडे जातो.

रेघ कागदावर

असे जोडपान ए-थ्री कागदावर जवळजवळ मूळ मापात काढता येते. माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची; फॅशनचित्रात ती नऊ डोक्यांपर्यंत ताणतात आणि वाढीव लांबी बहुतेक पायांना देतात. कच्चे पेन्सिलचित्र लाइटबॉक्सवर ठेवून वरच्या कागदावर शाईने पक्के करावे. कापड ओळखू यावे ते रेघेवरून: शिफॉनला बारीक, तुटक रेघ; डेनिमला जाड, कोपरे असलेली; रेशमाला लांब आणि न थांबता ओढलेली.

स्कॅन आणि रंग

शाईचे चित्र ६०० डीपीआयला स्कॅन करावे आणि लेव्हल्समधून कागदाचा करडेपणा काढावा. रेघेचा लेअर सर्वांत वर ‘मल्टिप्लाय’वर ठेवून खाली सपाट रंग भरावेत: त्वचा, केस, कापड, दागिने यांचे लेअर वेगळे. सावली त्यांच्यावर स्वतंत्र लेअरमध्ये द्यावी. म्हणजे संपादकांनी ऐनवेळी ब्लाउजचा रंग बदलायला सांगितला, तरी बाकी चित्राला धक्का लागत नाही.

पैठणी रंगवताना

खरी परीक्षा पैठणीसारख्या वस्त्राची. धूपछाँव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा. म्हणून हिरव्या-जांभळ्या पैठणीत हिरव्याची सावली गडद हिरवी करून भागत नाही. निऱ्यांच्या उंचवट्यावर हिरवा आणि खोलात जांभळा झळकायला हवा. पदरावरचे मोर तयार नक्षी म्हणून सपाट चिकटवले, की पदर पुठ्ठ्यासारखा दिसतो. नक्षी वॉर्पने चुण्यांबरोबर वाकवावी आणि घडीत जाईल तिथे कापावी. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. त्यामुळे उलटलेल्या टोकावरही नक्षी काढावीच लागते. सोनेरी जर सपाट पिवळी भरू नये. गडद तपकिरीवर पिवळसर ठिपके आणि अगदी मोजक्या जागी पांढरा, एवढ्यात ती चमकते.

प्रेसला देण्याआधी

जोडपानाची फाइल छपाईच्या मापात ३०० डीपीआयची हवी. ४२ बाय २८ सेंटिमीटरला ती सुमारे ४,९६० बाय ३,३०७ पिक्सेल भरते, ब्लीड वेगळा. पडद्यावरचे झगझगीत निळे, पोपटी आणि निऑन रंग छपाईच्या चार शाईंत (सीएमवायके) उतरताना मंद होतात; म्हणून रंग सुरुवातीपासून त्याच हिशेबाने निवडावेत. काळी रेघ फक्त काळ्या शाईत, ओव्हरप्रिंटवर ठेवावी. ती चारही शाईंत गेली, तर रजिस्ट्रेशन जरा हलले तरी रेघेला रंगीत कडा येतात. शेवटी प्रूफ काढून ते दिवसाच्या उजेडात तपासावे.

संगणक चुकलेला रंग क्षणात बदलून देतो. ढिली रेघ मात्र कुठल्याही रंगाखाली झाकली जात नाही. शिकणाऱ्याने आधी महिनाभर नुसत्या शाईने निऱ्या, बाह्या आणि पदर काढावेत. रंग न भरताही कापड ओळखू येऊ लागले, की मग संगणक उघडावा.